मोगरा दरवर्षी पानांनीच भरतो, कळी धरत नाही: पौष ते वैशाख काय तपासायचं आणि काय करायचं

फाल्गुन लागला की दरवर्षी तेच व्हायचं. संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून मोगऱ्याचा वास यायचा आणि आमच्या कुंडीत नुसती हिरवीगार पानं. झाड रोगट दिसत नव्हतं, वाळतही नव्हतं, चांगलं तरारलेलं होतं. कळी तेवढी धरत नव्हती. सासूबाईंनी लावलेला बटमोगरा तो. त्या होत्या तोवर चैत्रात रोज देवापुढे ओंजळभर फुलं असायची. त्या गेल्यावर चार वसंत रिकामे गेले. मी खतं घातली, कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवली, ताक ओतलं, केळ्याच्या साली पुरल्या. पाचव्या वर्षी पहिली थोडी फुलं आली आणि तेव्हापासून एकही हंगाम चुकलेला नाही. मधल्या काळात जे समजलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला दर मार्चमध्ये कोणी ना कोणी विचारतंच.

मी पुण्यात राहते, तेव्हा खालचे महिने पुण्याच्या हवेचे धरा. मुंबई-ठाणे आणि कोकणात थंडी बेताची, तिथे सगळं दोन-तीन आठवडे आधी करता येतं. नागपूर-अकोल्याकडे ऊन एकदम चढतं, म्हणून तिथे छाटणीला उशीर केलेला चालत नाही.

फूल कुठल्या फांदीवर येतं

हे एक समजलं की निम्मं काम झालं. मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. गेल्या वर्षीच्या तपकिरी, कडक झालेल्या फांदीवर ती थेट येत नाही. त्या फांदीतून कोवळी फूट निघते, तिला पानांच्या काही जोड्या येतात आणि मग टोकाला झुबका बसतो, बहुतेक वेळा तीन कळ्यांचा. मधली कळी आधी उमलते, बाजूच्या दोन मागून. म्हणजे जितक्या नव्या फुटी, तितके झुबके. झाड छाटलंच नाही तर फुटी कमी निघतात, त्याही वरच्या वर, जुन्या काड्यांच्या टोकाला, आणि त्यांच्यात जोर नसतो.

सासूबाई पौषात झाडाला कात्री लावायच्या. मला वाटायचं, वाळलेल्या काड्या काढताहेत. त्या गेल्यावर त्यांची आठवण म्हणून मी झाडाला कात्रीच लावली नाही. चार वर्षांच्या रिकाम्या वसंताचं सगळ्यात मोठं कारण हे होतं.

दुसरी गोष्ट ताण. डाळिंबाच्या, संत्र्याच्या बागेत बहार कसा धरतात ते गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी पाणी तोडायचं, झाड ताणावर सोडायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की मशागत, खत, आणि मग भरपूर पाणी. झाड दमून थांबतं आणि पाणी मिळाल्यावर एकदम फुटतं. मोगऱ्याचाही बहार असाच धरायचा असतो, पण कुंडीत झाड लावणारे आपण वर्षभर रोज तेवढंच तांब्याभर पाणी घालत राहतो. झाडाला थांबायला आपण वेळच देत नाही.

पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागात मोगऱ्याची शेती होते, तिथल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. एका हिवाळ्यात जव्हारकडे गेलो असताना रस्त्याकडेला मोगऱ्याच्या ओळी दिसल्या, गुडघ्याच्या उंचीवर सपाट कापलेल्या. मला वाटलं शेत मोडलं. तिथे काम करणाऱ्या एका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मोडलं नाही ताई, आत्ताच छाटलंय. आधी पाणी तोडलं होतं. आता खत घालू, मग पाणी." माझं चार वर्षांचं कोडं त्या एका वाक्यात सुटलं.

बहार धरायचा कसा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून पाणी कमी करा. जमिनीतल्या झाडाचं पाणी दोन-तीन आठवडे बंद ठेवलं तरी चालतं. कुंडीत तसं करू नका, कुंडीतली माती फार लवकर कोरडी ठणठणीत होते आणि मुळं जळतात. आठ-दहा दिवस पाणी इतकंच घाला की पानं दुपारी मलूल दिसतील आणि सकाळी सावरतील. खालची काही पानं पिवळी पडतील, पडू द्या. या दिवसांत खत अजिबात नको.

संक्रांत झाली की छाटणी. पुण्यात मी जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात करते. थंडी अजून असते, पण शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते तोवर फूट डोळ्यात, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या अंकुरात, तयार असते. बारा इंची कुंडीतलं झाड मातीपासून एक-सव्वा फुटावर कापा, जमिनीतलं दीड-दोन फुटांवर. काप पानांच्या जोडीच्या, म्हणजे डोळ्याच्या जरा वर घ्या. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडेपेटीच्या काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा. कात्री धारदार हवी, भाजीची बोथट कात्री फांदी चेंगरते आणि तिथून ती वाळत खाली येते. उरलेली पानंही मी हाताने काढून टाकते. पहिल्या वर्षी हे करताना माझा हात थरथरत होता. नुसता खराटा उभा दिसतो कुंडीत. घाबरू नका.

छाटल्यावर वरची दोन इंच माती खुरप्याने हलकेच उकरून बाजूला काढा आणि एक-दोन दिवस तशीच राहू द्या. मग त्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत दोन-तीन मुठी, निंबोळी पेंड एक मूठ आणि बोनमील (हाडांची पूड) दोन चमचे, हे थोड्या मातीत मिसळून भरा. बोनमील फार सावकाश लागू पडतं, म्हणून ते आत्ताच घालायचं. मार्चमध्ये कळ्या दिसत नाहीत म्हणून घातलेल्या बोनमीलचा त्या हंगामात काही उपयोग होत नाही. मग कुंडीखालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या, आणि इथून पुढे पाण्याचा खंड नको.

दोन-अडीच आठवड्यांत प्रत्येक डोळ्यातून लालसर-हिरवे कोंब दिसतात. तिथून साधारण महिन्या-सव्वा महिन्यात कळ्या. गुढीपाडव्याला पहिली फुलं हवी असतील तर हा हिशोब मागे मोजून छाटणीची तारीख ठरवा, कारण पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये.

इतकं करूनही कळी आली नाही तर मग बाकीची कारणं तपासायची. ती तपासताना मी एकच सवय लावून घेतली आहे: आधी फुटीचा शेंडा बघायचा. शेंडा काय करतोय त्यावरून कारण कळतं. न बघता औषध फवारलं तर महिना वाया जातो, आणि मोगऱ्याच्या हंगामात महिना फार मोठा.

छाटलं, पण फूट निघतच नाही

फांदीवर नखाने जरा खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे, थांबा. थंडी लांबली की फूटही लांबते. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली कापत या.

फांदी हिरवी आहे, हवा तापलेली आहे, तरी फूट नाही, तर मुळांकडे बघा. तीन-चार वर्षं एकाच कुंडीत असलेल्या झाडाची मुळं कुंडीच्या आकाराचा गोळा करून बसतात. माती उरतच नाही. पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं, हे त्याचं लक्षण. असं झाड कुंडीतून काढून बाहेरच्या बाजूने आणि तळाकडून मुळांचा साधारण तिसरा हिस्सा कापा आणि नव्या मातीत परत लावा. हे काम छाटणीबरोबरच उरकावं. एप्रिलच्या उन्हात मुळं कापलेलं झाड सावरत नाही.

मातीबद्दल एक सांगायचं. आपल्या देशावरची काळी माती नुसती कुंडीत भरली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. मी चार भाग माती, तीन भाग शेणखत, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. उलट टोकाचा त्रास नर्सरीतून आणलेल्या रोपाचा. ते पुष्कळदा नुसत्या कोकोपीटात असतं. कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी शोषत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने उतरून ताटलीत साचतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं, आणि मुळांचा गोळा आतून कोरडाच असतो. शंका आली तर कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावरही हलकी लागली तर ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे येणं थांबलं की काढा.

फूट लांबच लांब, वेलासारखी, टोकाला नुसती पानं

ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. दोन कारणं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र.

पहिलं ऊन. मोगऱ्याला थेट ऊन लागतं, रोज निदान पाच-सहा तास. "उजेड भरपूर येतो" म्हणजे ऊन नव्हे. बाल्कनीत एक दिवस बसून खरंच घड्याळ लावून मोजा. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि तेच ऊन वरच्या मजल्याच्या स्लॅबने अडतं. म्हणजे ज्या जागी हिवाळ्यात ऊन होतं तिथे वसंतात सावली. माझी कुंडी नेमकी अशा जागी होती. मार्चमध्ये ती कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, पक्क्या लोखंडी जाळीवर सरकवली आणि फरक त्याच हंगामात दिसला. ज्यांच्याकडे ऊन तीन तासांपेक्षा कमी आहे त्यांना मी प्रामाणिकपणे सांगते, मोगऱ्याचा हट्ट सोडून गच्चीवर जागा मागा, सोसायटीत बोला. सावलीतला मोगरा खताने फुलत नाही.

दुसरं कारण नत्र जास्त. युरिया, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं पाणी, ओलं शेण, हे सगळं पानं वाढवतं. गडद हिरवी, मोठी, लुसलुशीत पानं आणि बोटभर अंतरावर पेरं असतील तर नत्र जास्त झालं समजा. ते ताबडतोब थांबवा. लांब फुटींचा शेंडा पानांच्या तीन-चार जोड्यांवर खुडा, म्हणजे बाजूच्या डोळ्यांतून आखूड फुटी निघतील आणि कळ्या त्यांना धरतील. फूट दोन-तीन इंचांची असतानाच स्फुरद-पालाशवालं खत द्यावं. शेतकऱ्यांच्या दुकानात ०:५२:३४ मिळतं, "झिरो बावन्न चौतीस" म्हणून मागा. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, सकाळी लवकर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत एकदा. दुप्पट घातल्याने दुप्पट कळ्या येत नाहीत, पानांच्या कडा करपतात.

जातीचंही बघा. बटमोगरा, हजारी मोगरा, मदनबाण यांना भरपूर फुलं येतात. गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांचा मोगरा मुळातच सावकाश वाढतो आणि कमी फुलतो. तो घेतला असेल तर बटमोगऱ्याच्या हिशोबाने त्याच्याकडून अपेक्षा धरू नका.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या

बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालणाऱ्यांकडे हे हमखास. कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरा थर बसलेला असतो. जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नीट बघा: पिवळेपणा शेंड्याच्या नव्या पानांवर असेल आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी, किंवा पाणी साचतंय.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट). लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, ताजं बनवून संध्याकाळी पानांवर फवारायचं, दर दहा दिवसांनी असं दोन-तीन वेळा. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, खाली पोतं अंथरा. मातीत घातलेली हिराकस अशा मातीत टिकत नाही, पुन्हा बांधली जाते; मातीतून द्यायचं तर चिलेटेड, म्हणजे मातीत सहज बांधलं न जाणारं लोह घ्यावं. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी कुंडीत राख घालू नये. राखेत पालाश असतं हे खरं, पण ती माती आणखी अल्कधर्मी करते. मी दोन वर्षं बंबातली राख घालत होते आणि झाड अधिकच पिवळं पडत होतं.

केळ्याच्या साली आणि ताक यांबद्दलही विचारतात. साली आधी कंपोस्टमध्ये कुजवा, कुंडीत पुरलेल्या सालींनी चिलटं आणि मुंग्या येतात. पातळ ताकाने अपाय होत नाही, पण कळी धरायची ताकद त्यात नाही.

कळी धरते, पण उमलायच्या आत गळते किंवा वाळते

इथवर आलात म्हणजे बहार धरला गेला आहे, आता तो सांभाळायचा.

हिरवी, निरोगी कळी देठासकट गळत असेल तर पाण्याची ओढाताण. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब. मार्चअखेर ऊन चढल्यावर बारा इंची कुंडीला रोज पाणी लागतं, मे महिन्यात गच्चीवर सकाळ-संध्याकाळ. मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर द्या. कुंडी थेट तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत झाड असेल तर पिशवीभोवती गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं अक्षरशः शिजतात. कळ्या असताना कुंडीची जागा बदलू नका.

पानं वरून धुरकट, बारीक पांढरट ठिपक्यांनी भरलेली, खालच्या बाजूला तलम जाळी, आणि कळ्या खुरटलेल्या, तर लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर हलणारे ठिपके दिसले की खात्री झाली. कोरड्या उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात. सुरुवातीला पानांच्या खालून जोराने पाणी मारणं पुरतं, दर तीन-चार दिवसांनी तीनदा. त्याने आटोक्यात आलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण ऊन चढलेलं असताना गंधक फवारू नका, पानं भाजतात. आणि नीम तेल फवारलं असेल तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आलं की झाड करपतं.

कळी जांभळी पडते

याला वेगळं सांगते, कारण हे चटकन ओळखलं नाही तर पूर्ण बहर जातो. पांढरी कळी जांभळट होते, उमलत नाही, वाळून पडते. अशी एक कळी उभी चिरून बघा.

कळीला बारीक भोक, आत हिरवट अळी, आसपासच्या कळ्या धाग्याने चिकटलेल्या, तर ती कळी पोखरणारी अळी. एक अळी एका कळीवर थांबत नाही, पूर्ण झुबका संपवते. कळीचा बुंधा फुगलेला, भोक नाही, आत सुईच्या टोकाएवढ्या पांढरट अळ्या, तर ती कळीमाशी. तिच्या अळ्या खाली मातीत उतरून कोष करतात आणि तिथून पुढची पिढी वर येते.

दोन्हींसाठी पहिला उपाय हात. रोज सकाळी जांभळ्या कळ्या खुडायच्या, खाली पडलेल्या वेचायच्या, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मग टाकायच्या. कंपोस्टमध्ये टाकू नका. कळीमाशी असेल तर वरची इंचभर माती दर आठवड्याला खुरप्याने हलवा म्हणजे कोष उन्हात वाळतील, आणि त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळा. त्यासोबत पाच टक्के निंबोळी अर्क किंवा लिटरला ५ मिली नीम तेल, त्यात अर्धा चमचा सौम्य द्रव साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. फवारणी कळ्या अगदी बारीक असतानाच उपयोगी, अळी आत शिरल्यावर तिला औषध लागत नाही. घरच्या झाडावर मी जहाल कीटकनाशक कधीच मारत नाही. ही फुलं आपण केसांत माळतो, पाण्याच्या माठात टाकतो, लहान मुलं हुंगतात.

जाईच्या कळीवर बाहेरून जी गुलाबी छटा असते ती तिची स्वतःची आहे, रोग नव्हे. गेल्या वर्षी एका ताईंनी घाबरून जाईच्या निरोगी कळ्या खुडून टाकल्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिला बहर छान, मग झाड गप्प

फुलं वेचल्यावर झुबक्याचा रिकामा देठ तसाच राहिला तर पुढची फूट रेंगाळते. झुबका संपला की देठासकट खालची पानांची एक-दोन जोडी कापा. मूठभर गांडूळ खत द्या आणि पाणी चालू ठेवा. महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. नीट सांभाळलं तर मृगाच्या आधी तीन बहर मिळतात, आणि पाऊस लागल्यावरही थोडी फुलं येत राहतात.

मोगरा छाटताना कात्री बाकीच्या झाडांवर चालवू नका

हे दरवर्षी घडतं. कात्री हातात असते आणि उत्साहात सगळी बाग छाटली जाते.

कुंद हिवाळ्यात फुलतो. तो मोगऱ्यासारखा दिसतो म्हणून पौषात कापला तर चालू बहरच जातो. फुलं संपल्यावर, फेब्रुवारीअखेर छाटा. गुलाबाची जोरदार छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. वसंतात गुलाबाची फक्त सुकलेली फुलं पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापायची. दिवसा ऊन आणि रात्री गारवा अशा फेब्रुवारीत कोवळ्या पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) येते, तेवढ्यावर नजर ठेवायची. 

जास्वंद फेब्रुवारीत हलकी छाटता येते. तिचा वसंतातला खरा वैरी पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके, पानं आकसलेली, कळ्या गळतात. आधी मुंग्यांची रांग शोधा. मुंग्या त्या ढेकणांचा गोड चिकटा खातात आणि त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेऊन वसवतात, त्यामुळे मुंग्या थांबवल्याशिवाय ढेकूण जात नाही. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट तुटते, फक्त ताटलीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, उरलेल्यांवर पाण्याचा जोराचा फवारा आणि मग वर सांगितलेलं नीम तेल-साबण, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, आणि मग लोक म्हणतात नीम तेलाने काही होत नाही.

शेवंतीचं फुलणं संपलेलं असतं. तिला वसंतात फुलवायचा प्रयत्न करू नका, दिवस लहान झाल्याशिवाय तिला कळी येत नाही. ती बोटभर उंचीवर कापून बुडाशी आलेले मुनवे, म्हणजे नवे कोंब, जपा, दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस मार्चमध्ये दमतात, त्यांचं बी धरा आणि त्या कुंड्यांत झिनिया, गॅलार्डिया, ऑफिस टाइम लावा. पाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर बी साधारण दोन महिने आधी पेरलेलं असावं.

आत्ता चैत्र आहे आणि मी यातलं काहीच केलेलं नाही, तर?

पूर्ण छाटणी आता करू नका. एप्रिलच्या उन्हात खराटा केलेलं झाड फुटायला जोर लावतं आणि त्यातच संपतं. प्रत्येक फांदीचा शेंडा पानांच्या दोन जोड्यांइतका कापा, ऊन मोजा, माती वरवर हलवून दोन मुठी गांडूळ खत द्या, आच्छादन घाला, पाणी नियमित करा, आणि फुटी दोन इंचांच्या झाल्या की ०:५२:३४ ची एक फवारणी. मेच्या शेवटी थोडी फुलं मिळतील. माझ्या पाचव्या वसंतातली पहिली फुलंही अशीच उशिरा, वटपौर्णिमेच्या आसपास आली होती, मोजून अकरा. त्यातली पाच मी सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली आणि पौषातल्या छाटणीची तारीख त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवली.